फुलपुडीमागचा डबा

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या न्यासाचे प्रमुख आणि माझ्याही घराचे प्रमुख आपणच आहोत अशी ज्यांची प्रामाणिक समजूत आहे ते माझे यजमान. व्यासपीठावर विराजमान झालेले आणि जेवणाच्या मांडवाकडे डोळा ठेवून असलेले विश्वस्त. समोर बसलेले डॉक्टर, सिस्टर, मावश्या, वॉर्डबॉय. बाळांना कडेवर घेऊन आलेले आईबाप. आणि व्यासपीठाच्या मधोमध हार घालून ठेवलेली ही रिकामी खुर्ची. सर्वांना उमराणी बाईंचा नमस्कार.

मागून सिस्टर मंडळी 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणताहेत ते ऐकू आलं मला. कान शाबूत आहेत अजून. पण आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव असं माइकवर फुकट घेत नाहीत. भाषण संपेपर्यंत ह्यांनी ते कमावलं तर घेईन, नाही तर मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात छापलंय, ते वाचा.

आता या रिकाम्या खुर्चीबद्दल. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर संघपाल कसबे इथं नाहीत. ते वर, नवजात बाळांच्या वॉर्डात आहेत. दुपारी केम गावाहून जीपमधून एक बाळ आलं, दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं. तेव्हापासून सत्कारमूर्ती वर आणि सत्कार खाली. समारंभाचे कार्यवाह सतीश यांनी मघाशी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली, 'बाई, डॉक्टर येईपर्यंत बोलत राहा.' आयुष्यभर मला 'बाई, आवरा' म्हणणारीच माणसं भेटली. बोलत राहा म्हणणारा हा पहिला भला माणूस. तेव्हा आता जे होईल त्याची जबाबदारी सतीश यांची.

तुम्हा सगळ्यांचे ते डॉक्टर कसबे, मला तो संघपाल. महापालिकेच्या शाळेत मी नुकतीच लागले होते तेव्हा हा सातवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि गप्प. उत्तर येत नसायचं असं नाही. बाईंचा प्रश्न त्याला फालतू वाटायचा. स्वभाव काही बदलला नाही. बाळाची आजी पदर पसरून विचारते, 'वाचंल न्हवं डॉक्टर?' आणि हा म्हणतो, 'बघतोय की.' झालं. एवढंच. पुढं पंधरवड्यानं तीच आजी बाळ घेऊन घरी जाताना पेढे देते आणि हा पेढा खिशात टाकून म्हणतो, 'धूर करू नका घरात.' गोड बोलायला याला कुणी शिकवलंच नाही. मराठी मीच शिकवलं, तेव्हा दोष माझ्याकडे येतो.

केमच्या त्या बाळाचे वडील अजिनाथ मागच्या रांगेत बसलेत. कीर्ती सिस्टरनी, म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरनी, त्यांना वरून हाकलून खाली जेवायला पाठवलंय. जेवले नाहीत अजून. मघाशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, पोरगं श्वास घ्यायचं इसरतंय म्हणत्यात. श्वास कुटं कोण इसरतंय व्हय?"

अजिनाथ, विसरतं. तुमचं बाळ बिनडोक नाही, घाईत आलंय. श्वास घ्यायची आठवण करून देणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो. वर सिस्टर त्याच्या तळपायाला बोटानं टिचकी मारतात, की त्याला आठवतं आणि ते श्वास घेतं. आमच्या वर्गात डुलक्या काढणाऱ्यांना मी खडू मारायची, तसंच. ही झाली एक अडचण. दुसरी जास्त अवघड. आपल्या फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात. आतून ओला झालेला फुगा फुगवून बघा, चिकटून बसतो, गाल दुखतात पण फुगत नाही. आपले फुगे चिकटत नाहीत, कारण आतून साबणाच्या फेसासारखा एक पातळ थर असतो. तो थर बाळाला आईच्या पोटात शेवटच्या काही आठवड्यांत मिळतो. जे बाळ त्याआधी येतं, ते शिदोरी न घेताच निघालेलं असतं. मग ते प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढतं, कण्हतं, दमतं, आणि दमून थांबतं. आईला वेळेत इंजेक्शन मिळालं तर पोटातच थोडी तयारी होते, पण तेवढी सवड सगळ्यांना कुठली? तेव्हा तो थर बाहेरून द्यावा लागतो. बारीक नळीतून, थेट छातीत, आणि लवकर. औषध मिळतं. बाटली माझ्या अंगठ्याएवढी असते. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

इथं आपल्या कथेत फ्रिज येतो, आणि फ्रिजबरोबर आमचे हे येतात.

आपल्या फाटकावरचा फलक सगळ्यांनी वाचलाय. 'आवारात मद्य, मांसाहार व अंडी यांस सक्त मनाई.' अंडी वेगळी लिहिली आहेत, कारण काही लोक अंड्याला मांसाहारात धरत नाहीत आणि ह्यांना पळवाटा खपत नाहीत. संघपाल इतकी वर्षं आपलं उकडलेलं अंडं फाटकाबाहेर गाडीत बसून खायचा, काचा वर करून, एखाद्या गुन्हेगारासारखा. एकदा वॉर्डातल्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी डब्यात अर्धं अंडं सापडलं. तेव्हापासून त्या फ्रिजला कुलूप. एक किल्ली कीर्ती सिस्टरकडे, दुसरी ह्यांच्या कमरेच्या करदोड्याला. मनात आलं की हे येतात, फ्रिज उघडतात, एकेक वस्तू वास घेऊन बघतात. लशीच्या बाटलीचासुद्धा वास घेतलेला मी पाहिलाय.

तर त्या अंगठ्याएवढ्या बाटलीची माहिती द्यायला औषध कंपनीचा प्रतिनिधी न्यासाच्या सभेत आला. नवा होता. मोठ्या अभिमानानं म्हणाला, हे औषध जनावराच्या फुफ्फुसातून काढतात. ह्यांनी विचारलं, कोणत्या जनावराच्या? आता शहाण्या माणसानं इथं पाणी प्यायलं असतं. त्यानं सांगितलं की एक डुकराचं येतं आणि एक वासराचं, आपल्याला जे सोयीचं वाटेल ते. बिचाऱ्याला वाटलं, दोन पर्याय दिले की गिऱ्हाईक खूश होतं.

आमच्या ह्यांचं माहेर, चुकले, आजोळ अक्कलकोटकडचं. राग आला की कन्नड येतं. कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे नको. आपल्या रुग्णालयात खाटा शिल्लक नसल्या तरी ह्यांच्याकडे बेड कायम शिल्लक. तो शब्द उच्चारून हे उठले आणि ठराव झाला, की असलं औषध आवारात साठवायचं नाही. लागलं तर रुग्णाच्या नातेवाइकांनी ऐन वेळी बाहेरून आणावं. बघा हं, औषध द्यायला हरकत नाही, ठेवायला हरकत. पाप बाळाच्या छातीत गेलं तर चालतं, कपाटात बसलं तर चालत नाही. ही नीती चाळीस वर्षं ग्रंथ वाचूनही मला कुठं सापडली नाही. अध्यक्ष, मान खाली घालू नका, झोप लागली असं वाटतं लोकांना.

ठरावानंतर काही महिन्यांनी मंगळवेढ्याचे धोंडिराम आले. पहिलं मूल, मुलगा, अवेळी झालेला. संघपालनं बाटली सांगितली. धोंडिराम धावत सुटले. हे शहर त्यांना ठाऊक नाही. एका दुकानात नव्हती, दुसरं बंद, तिसऱ्यानं स्टेशनकडे पाठवलं. ते बाटली घेऊन परत आले तेव्हा द्यायला उशीर झाला होता. तरी दिली. बाळ गेलं. धोंडिराम ती रिकामी बाटली मुठीत धरून पायरीवर बसले होते, कारण ती कुठं टाकायची ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी पाहिलंय ते. आमचं घर रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत, मी ह्यांना जेवायला बोलवायला आले होते. मला त्या दिवशी ह्यांचा राग आला. अजूनही येतो. पंचवीस माणसांच्या ठरावाचा राग येऊन भागत नाही, म्हणून घरच्या माणसाचा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघपाल घरी आला. दिवाणखान्यात ह्यांच्याशी बोलला, तिकडून तो शब्द ऐकू आला, मग हा सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. आमच्या घरात संघपाल कसबे स्वयंपाकघरात येऊन बसणं ही गोष्ट त्याआधी कधी घडली नव्हती, आणि का घडली नव्हती हे तुम्हाला कळतं, मलाही कळतं. मी भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली, हात धुतला, आणि फ्रिजकडे बघून म्हणाला, "बाई, या फ्रिजची किल्ली कुणाकडे असते?"

मी म्हटलं, याला कुलूप नाही आणि ह्या घरातले पुरुष पाणीसुद्धा बसल्या जागी मागतात.

अध्यक्षमहाराज, आता जरा खुर्चीचे हात घट्ट धरा. त्या दिवसापासून आजपर्यंत ते औषध आपल्या घरात आहे. तुमच्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, देवाच्या फुलपुडीमागं, स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेलं. गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही, मी सांभाळलंय. वीज गेली तर काळजी नव्हती, कारण तुम्ही टीव्हीवरचं प्रवचन चुकू नये म्हणून इन्व्हर्टर बसवलाय. त्या प्रवचनांचं पुण्य कुठं गेलं ते आता कळलं ना?

वर बाळ आलं की कीर्ती सिस्टरचा फोन यायचा, 'बाई, विरजण आहे का?' मी डबा कापडात बांधून द्यायची. बाळाचे नातेवाईक नंतर सावकाश दुसरी बाटली आणून देत, ती परत डब्यात. म्हणजे ठराव काही मोडला नाही बघा. आवारात काही साठवलं नाही, नातेवाइकांनीच बाहेरून आणलं, फक्त जरा उशिरा. पळवाटा तुम्हाला खपत नाहीत, मला शोधता येतात. ह्यांना मात्र काळजी होती. दोन-तीनदा मला म्हणालेत, त्या सिस्टरबाईंना एवढी वर्षं झाली तरी दही कसं लावता येत नाही?

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. संघपालच्या आईनं ते त्याला नीट शिकवलेलं. बाळाला श्वास लाभला की डबा परत येताना त्यात गुळाचा खडा असायचा. तोंडानं कधी सांगायचा नाही, 'वाचलं बाई' म्हणून. डबा हलवला की खुळखुळायचा, मला कळायचं. आणि काही वेळा डबा नुसताच यायचा. तेव्हा मी तो धुऊन पालथा घालायची.

आता घरचं सांगते. आमची लेक वैजयंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डोहाळजेवणाची साडी आणली होती, ती नेसायचीच राहिली. एका सकाळी अचानक रक्तदाब चढला, आणि तिला घेऊन आम्ही मागच्या गल्लीतून इथं धावलो. हे तिच्या अंगावर शाल टाकत होते, मी पिशवी भरत होते. पिशवीत लुगडी, दुपटी, आणि डबा. दुपारच्या आत मुलगी झाली. एवढीशी. छाती पिंजऱ्यासारखी आत-बाहेर. संघपालनं ह्यांना काचेतून ती दाखवली आणि म्हणाला, औषध लागेल, तेच. आणि आमच्या ह्यांनी, सहकारी बँकेची निवडणूक लढवलेल्या ह्या माणसानं, त्याला विचारलं, "शाकाहारी मिळत नाही का?"

हसा. मीही आता हसते. त्या दिवशी नाही हसले.

संघपालनं उत्तर दिलं नाही. सातवीत द्यायचा नाही तसंच. नुसता काचेकडे बोट करून उभा राहिला. आत ती मुलगी श्वास ओढत होती. ह्यांनी ते पाहिलं, आणि हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. म्हणाले, "आण. कुठूनही आण. कशाचंही आण." मी पिशवीतून डबा काढून सिस्टरच्या हातात दिला. ह्यांचं लक्ष नव्हतं, हे भिंतीकडे तोंड करून विभूतीच्या हातानं डोळे पुसत होते. नंतर विचारलं तर मी सांगितलं, ड्रायव्हरनं स्टेशनकडून आणलं. खोटं बोलले. वावगं वाटलं नाही.

ती नीलांबिका. ही बघा पुढच्या रांगेत, पिपाणी घेऊन बसली आहे. थंडीत अजून छातीत घरघर होते, वाफ घ्यावी लागते, पण पिपाणी एका दमात अख्खी वाजवते. वाजवू नकोस गं आत्ता, आजी बोलतेय.

हे तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, गुरुकृपेनं औषध दारात चालून आलं. दारात नाही हो, घरातूनच आलं. मला वाटलं होतं, आता तरी ठराव बदलेल. ह्यांनी देवाला चांदीचा पाळणा वाहिला आणि ठराव तसाच ठेवला. विचारलं तर म्हणाले, तो अपवाद होता. आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं. धोंडिरामांचं बाळ नियमात बसत होतं, आपली नात अपवादात बसली. मी त्या दिवशी भांडले नाही. भांडले असते तर ह्यांनी आपल्या फ्रिजमध्येही डोकावलं असतं.

हे सगळं आज का सांगतेय? संघपाल उद्यापासून बार्शीला राहायला जातोय. माझे गुडघे गेले. कीर्ती सिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मग फुलपुडीमागचा डबा कोण सांभाळणार? पुढच्या अजिनाथनं कुठं धावायचं?

आणि दुसरं कारण. आज दुपारी मी या समारंभासाठी इरकल नेसत होते, हात निऱ्यांत. फोन वाजला, तो ह्यांनी उचलला. ह्यांनी मला ओरडून सांगितलं, सिस्टरला विरजण हवंय, लगेच. मी म्हटलं, फुलपुडीमागं डबा आहे, उघडू नका, हलवू नका, पळत जा. आणि संसारात पहिल्यांदाच हे स्वतः उठले, फ्रिज उघडला, डबा काढला आणि जेवणातल्या मठ्ठ्याचा खोळंबा नको म्हणून अनवाणी धावत इथवर आले. फाटकातून. त्या फलकाखालून. तेव्हा विश्वस्तहो, ठराव मोडल्याबद्दल कुणाला जाब विचारायचा असेल तर मला विचारू नका. माल अध्यक्षांनी आणलाय.

अहो, पाणी प्या. सतीश, त्यांना पाणी द्या.

थांबा. जिन्यात पावलं वाजली. आला. वॉर्डाच्या चपला घालूनच आलाय. टाळ्या नकोत, जरा शांत राहा. संघपाल, तिथंच थांब. हातात डबा आहे ना? अजिनाथ, उभे राहा. मला जास्त काही सांगू नकोस रे, तसाही तू सांगणार नाहीस. फक्त डबा हलव.

वाजला. ऐकलंत? अजिनाथ, गुळाचा खडा आहे तो.

काय म्हणालास? मोठ्यानं बोल, माइक घे.

"गुलाबी झालाय. बघतोय की अजून. वर जायचंय मला."

हे याचं निरोपाचं भाषण. याहून मोठं मी याच्या तोंडून ऐकलं नाही. अजिनाथ, रडा, रडा, मग जेवा. उद्या काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण आजचा श्वास त्याला मिळालाय.

आता हा डबा मी अध्यक्षांच्या हातात देते. शाल, श्रीफळ संघपालला तुम्ही द्यालच, तो ते वॉर्डबॉयला देऊन टाकेल. हा डबा तुमच्या घरचा आहे. आतला गूळ खा, तुमचा हक्क आहे, आज तुम्ही धावलात. पण भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं तुमच्या आईनंही तुम्हाला शिकवलं होतं. काय घालायचं ते तुम्ही ठरवा. मी उभी आहे. सतीश यांनी मला बोलत राहायला सांगितलंय, पण मी आता बोलणार नाही.

अहो, भर सभेत कमरेशी काय चाचपताय?

करदोडा तोडू नका, गाठ सोडवा. सावकाश. नीलांबिका, आजोबांना मदत कर, तुझी बोटं बारीक आहेत.

मागच्या रांगेला दिसलं नसेल, म्हणून सांगते. ह्यांनी फ्रिजची किल्ली डब्यात टाकली. आणि डबा संघपालच्या हातात देत म्हणाले, 'तगो.' म्हणजे, घे. सगळा संसार मी 'बेड' ऐकत काढला, 'तगो' आज ऐकला. विश्वस्तहो, ठराव सोमवारी बदला, नवी बाटली आजच वरच्या फ्रिजमध्ये जाऊ द्या. कुणाची हरकत? नाही ना? बरं.

मला बोलू दिल्याबद्दल न्यासाचे, चिठ्ठी देऊन पस्तावलेल्या सतीश यांचे, विरजण मागणाऱ्या कीर्ती सिस्टरचे आणि सातवीतल्या माझ्या अबोल विद्यार्थ्याचे आभार मानते. संघपाल, बार्शीला सुखात राहा, अंडं घरात बसून खा. बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी झाला असेल, कुणाचं बिंग जास्त उघडं पडलं असेल, तर थोरांनी पोटात घालावं आणि धाकट्यांनी विसरून जावं. ह्यांची क्षमा मी इथं मागत नाही. ती घरी, भाकरी वाढताना मागेन.

हो, हो, नाव. विसरले नाही. कमावलंय त्यांनी, घेते.

फुलपुडीच्या आडोशाला लपवली होती बाटली,
रुद्रप्पांनी किल्ली दिली, माझी चोरी मिटली.